अलार्मच्या कामासाठी आखातात जायचंय? मग आधी क्रम नीट लावा

गेल्या पावसाळ्यात गंगाखेडकडचा एक मुलगा मोबाईल घेऊन माझ्याकडे आला. आयटीआय इलेक्ट्रिशियन, हात चांगला. एजंटाला नव्वद हजार देऊन झाले होते आणि व्हिसाची पीडीएफ आली होती. "काका, फायर अलार्म टेक्निशियनचा व्हिसा आलाय, एकदा बघा." मी बघितला. पदाच्या जागी अरबीत 'आमिल' लिहिलेलं होतं. आमिल म्हणजे मजूर. टेक्निशियनला अरबीत 'फन्नी' म्हणतात आणि तो शब्द त्या कागदावर कुठेच नव्हता.

त्याच्या हुशारीत काही कमी नव्हतं, क्रम चुकला होता. पैसे आधी दिले, कागद नंतर पाहिला, आणि तिथे नेमकं कोणतं काम करायचं हे सगळ्यात शेवटी विचारलं. दुबई आणि दोहा मिळून मी नऊ वर्षं अलार्मचं काम केलं. परत आल्यापासून परभणी, नांदेड, लातूर, बीडकडची मुलं विचारायला येतात आणि दहातल्या आठांचा क्रम असाच उलटा लागलेला असतो. म्हणून हे सगळं एकदा ओळीने लिहून ठेवतो. पुढचा टप्पा मागचा पूर्ण झाल्यावरच सुरू करायचा.

टप्पा १ : कोणत्या अलार्मचं काम, ते ठरवा

'अलार्म टेक्निशियन' या एका नावाखाली तीन वेगळी कामं येतात. फायर अलार्म म्हणजे स्मोक डिटेक्टर, हीट डिटेक्टर, काच फोडून दाबायचा कॉल पॉइंट, हूटर म्हणजे भोंगा, आणि हे सगळं जिथे जोडतात ती मुख्य पेटी, म्हणजे पॅनेल. चोरीचा अलार्म म्हणजे दाराचा मॅग्नेटिक कॉन्टॅक्ट, हालचाल ओळखणारा पीआयआर सेन्सर, कीपॅड आणि सायरन. तिसरं काम सीसीटीव्ही आणि ॲक्सेस कंट्रोलचं.

आखातात या कामांची परवानगी वेगवेगळ्या खात्यांकडून लागते. फायर अलार्म सिव्हिल डिफेन्सच्या, म्हणजे तिथल्या अग्निशमन खात्याच्या, अखत्यारीत येतो. दुबईत कॅमेरे आणि चोरीचा अलार्म 'सिरा' या सरकारी संस्थेकडे आहे, तर कतारमध्ये गृहखात्याच्या सिक्युरिटी सिस्टिम विभागाकडे. दुबईत सिक्युरिटी सिस्टिमचं काम करणाऱ्या टेक्निशियनला सिराची परीक्षा देऊन कार्ड घ्यावं लागतं, आणि ते तिथल्या परवानाधारक कंपनीमार्फतच निघतं. इथे बसून कुणी 'सिरा कार्ड काढून देतो' म्हणून पैसे मागितले तर तिथेच थांबा.

माझं मत विचाराल तर इलेक्ट्रिशियन झालेल्याने फायर अलार्म धरावा आणि इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक झालेल्याने सिक्युरिटी आणि कॅमेरे. तिन्हींचं थोडंथोडं येतं असं सांगणाऱ्याला मुलाखतीत पहिल्या दहा मिनिटांत घरी पाठवतात.

टप्पा २ : आधी हात बसवा, सहा महिने तरी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायचा, आणि आपली मुलं नेमका हाच टप्पा गाळतात.

आयटीआय झालं नसेल तर जिल्ह्याच्या आरसेटीमध्ये, म्हणजे बँकेच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, चौकशी करा. सीसीटीव्ही कॅमेरा, सिक्युरिटी अलार्म आणि स्मोक डिटेक्टर बसवणं व दुरुस्ती असा तेरा दिवसांचा मोफत कोर्स तिथे असतो. तेरा दिवसांत कुणी टेक्निशियन होत नाही, पण तारा, क्रिंपिंग आणि मीटर यांची भीती जाते.

त्यानंतर प्रत्यक्ष काम. वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा, जालना इथल्या कारखान्यांत, मोठ्या दवाखान्यांत आणि मॉलमध्ये फायर अलार्मच्या देखभालीचे ठेके चालतात. अशा एखाद्या ठेकेदाराकडे कमी पगारावर का होईना, सहा महिने काढा. साईटवरचं काम तिथेच कळतं, आणि पुढे अनुभवाचं खरं पत्रही तिथूनच मिळतं. खोटं पत्र विकत घेऊ नका. मुलाखत घेणारा त्या पत्रातल्याच कामावर प्रश्न विचारतो.

घरी एक सरावाचा बोर्ड करा. तीन बाय दोन फुटांचा प्लायवूड घ्या. त्यावर दोन झोनचा कन्व्हेन्शनल, म्हणजे साधा, पॅनेल (झोन म्हणजे एका वायरीवरच्या डिटेक्टरांचा गट), दोन स्मोक डिटेक्टर, एक हीट डिटेक्टर, एक कॉल पॉइंट, एक हूटर आणि बॅटरी. जमलं तर शेजारी एक पीआयआर आणि दाराचा कॉन्टॅक्ट. जुना चालू पॅनेल ठेकेदाराकडे स्वस्तात मिळतो. या बोर्डवर पुढच्या गोष्टी डोळे मिटून यायला हव्यात.

पहिली गोष्ट, शेवटचा रेझिस्टर. कन्व्हेन्शनल झोनमध्ये एंड ऑफ लाइन रेझिस्टर शेवटच्या डिटेक्टरच्या बेसमध्ये बसतो. वायर शेवटपर्यंत शाबूत आहे हे पॅनेलला त्यावरूनच कळतं. नवखा माणूस घाईत तो पॅनेलमध्येच लावून टाकतो. पॅनेलवर हिरवा दिवा दिसतो, सगळे खूश. पण पुढे वायर उंदराने कुरतडली तरी पॅनेलला पत्ता लागत नाही, आणि आग लागली तर त्या मजल्यावर अलार्म वाजतच नाही. झोनच्या मधूनच वायरची फांदी काढून डिटेक्टर जोडणं हीसुद्धा तीच चूक, कारण त्या फांदीवर पॅनेलची नजर राहत नाही.

तपासून पाहा : झोनमधला शेवटचा डिटेक्टर बेसमधून काढा. पॅनेलवर त्याच झोनचा फॉल्ट आला पाहिजे. नाही आला तर जोडणी चुकली आहे.

दुसरी गोष्ट, ॲड्रेसेबल लूप. आखातातल्या मोठ्या इमारतींत तुम्हाला मुख्यतः हाच मिळेल. लूप पॅनेलमधून निघून परत पॅनेलमध्येच येतो, म्हणून एका जागी वायर तुटली तरी दोन्ही टोकांकडून डिटेक्टर चालू राहतात. प्रत्येक डिटेक्टरला स्वतःचा क्रमांक असतो. दोघांना एकच क्रमांक दिला गेला तर पॅनेल डबल ॲड्रेस दाखवतो आणि अर्धा दिवस शिडी घेऊन फिरावं लागतं. बसवतानाच क्रमांक, खोली आणि मजला वहीत लिहायची सवय लावा.

तिसरी, मेगर. वायरचं इन्सुलेशन तपासताना मेगर ५०० व्होल्ट सोडतो. डिटेक्टर आणि पॅनेल सुटे केल्याशिवाय मेगर मारायचा नाही. माझ्या पहिल्याच साईटवर मी तो लूप जोडलेला असताना मारला आणि एका मजल्याचे डिटेक्टर गेले. फोरमनने शिवी दिली नाही, फक्त जळालेल्या डिटेक्टरांचा बॉक्स माझ्या हातात ठेवला आणि एकेक मोजायला लावले. सत्तावीस भरले.

चौथी, पीआयआर. हा सेन्सर आडव्या हालचालीला लवकर पकडतो आणि सरळ अंगावर चालत येणाऱ्याला उशिरा. म्हणून तो दारासमोर न लावता कोपऱ्यात लावतात, साधारण सव्वादोन मीटर उंचीवर. एसीचा झोत किंवा उन्हाची खिडकी समोर आली तर खोटे अलार्म आलेच म्हणून समजा.

कॅमेऱ्यांकडे जाणाऱ्यांनी नेटवर्क केबलच्या आठ तारांचा 'बी' क्रम तोंडपाठ करावा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. स्विचपासून कॅमेऱ्यापर्यंत केबल १०० मीटरच्या आत ठेवायची, आणि पीओईचं, म्हणजे त्याच केबलमधून कॅमेऱ्याला वीज देण्याचं, गणितही यायला हवं: साध्या पीओई पोर्टला १५.४ वॅट, पीओई प्लसला ३० वॅट.

इंग्रजी फाडफाड बोलता आलं नाही तरी चालेल, पण पॅनेलवरची भाषा वाचता आलीच पाहिजे: ओपन सर्किट, शॉर्ट सर्किट, अर्थ फॉल्ट, डिसेबल्ड, बॅटरी लो. प्रत्येक संदेश आला की पहिलं काम काय करायचं, हे तुम्हाला सांगता यायला हवं.

टप्पा ३ : नाव एक करा, मग पासपोर्ट

आपल्याकडे एका माणसाची तीन नावं असतात. दहावीच्या सनदेवर 'जाधव बालाजी मारोतीराव', आधारवर 'बालाजी मारोती जाधव', बँकेत नुसतंच 'बालाजी जाधव'. मारोतीचा कुठे मारुती होतो, कुठे राव गळतो. गावात याने काही अडत नाही. परदेशी वकिलातीच्या टेबलावर मात्र ही तीन वेगळी माणसं ठरतात.

दहावीची सनद पाया धरा. आधार, पॅन आणि बँक त्याप्रमाणे दुरुस्त करा आणि त्यानंतरच पासपोर्टचा अर्ज भरा. फरक मोठा असेल तर राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्या. आडनावाचा रकाना रिकामा सोडू नका, पासपोर्टवर एकच शब्द असेल तर अमिरातीत व्हिसाची अडचण येते.

अर्ज सरकारी पासपोर्ट सेवा संकेतस्थळावरच भरायचा. ३६ पानी पासपोर्टचं साधं शुल्क १,५०० रुपये आहे, तत्काळला वर २,००० रुपये लागतात. आता पोस्ट ऑफिसातल्या पासपोर्ट केंद्रातही काम होतं, प्रत्येक वेळी मुंबईला जावं लागत नाही.

सावधान : नेट कॅफेवाला शिक्षणाच्या रकान्यात 'सातवी किंवा कमी' टाकून मोकळा होतो. तुम्ही दहावी पास असाल तर सनद जोडा, म्हणजे पासपोर्ट ईसीएनआर, म्हणजे एमिग्रेशन तपासणी न लागणारा, होतो. नाहीतर त्यावर एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड (ईसीआर) असं छापून येतं, आणि आखातात कामाला जाण्याआधी सरकारची वेगळी मंजुरी घ्यावी लागते.

एक बाजू मात्र कुणी सांगत नाही. ईसीआर पासपोर्टवाल्याचा करार ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर चढतो आणि तपासला जातो. ईसीएनआरवाल्याचा करार असा कुणाच्या नजरेखालून जात नाही. म्हणजे दहावी झालेल्याने आपला करार आपणच जास्त बारकाईने वाचायला हवा.

टप्पा ४ : प्रमाणपत्रं, लॅमिनेशन न करता

आपल्या घरांत सनद हातात पडली की पहिलं काम लॅमिनेशनचं. आई-बापाच्या जिवाला घोर असतो, कागद भिजेल, उंदीर खाईल. पण परदेशासाठी शिक्के आणि स्टिकर मूळ सनदेच्या मागे लागतात, प्लास्टिकवर ते बसत नाहीत. प्लास्टिक काढायला गेलं तर शाई निघून येते. दहावी आणि आयटीआयच्या सनदा फाईलच्या पारदर्शक पाकिटात ठेवा. लॅमिनेशन आधीच झालं असेल तर बोर्डाकडून आणि आयटीआयकडून दुसरी प्रत मागवायला आजच अर्ज टाका, त्यात दिवस जातात.

देश ठरल्याशिवाय शिक्के मारून घेऊ नका. सौदी, ओमान आणि बहरीन ॲपोस्टिल, म्हणजे वकिलातीत न जाता चालणारं प्रमाणीकरण, मान्य करतात. तिथे राज्याची पडताळणी आणि परराष्ट्र मंत्रालयाचं ॲपोस्टिल पुरतं. अमिराती, कतार आणि कुवेतसाठी ॲपोस्टिल चालत नाही. तिथे क्रम असा: आधी राज्य, मग परराष्ट्र मंत्रालय, मग त्या देशाची वकिलात आणि शेवटी त्या देशात पोहोचल्यावर तिथलं परराष्ट्र खातं. दुबईला जाणाऱ्या एकाने ॲपोस्टिल करून ठेवलं होतं, त्याला पुन्हा पहिल्यापासून सगळं करावं लागलं.

पोलीस पडताळणीचा दाखला मागितला तर कुठला हवा ते विचारा. एसपी कार्यालयाचा दाखला वेगळा आणि पासपोर्ट कार्यालयाचा पीसीसी (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट) वेगळा. व्हिसासाठी शक्यतो दुसराच लागतो, त्याचं शुल्क ५०० रुपये.

टप्पा ५ : एजंट तपासा, मग बोला

हा टप्पा वाचायला सोपा वाटतो आणि पैसा इथेच बुडतो.

परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवायचा परवाना परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रोटेक्टर जनरल ऑफ एमिग्रंट्सकडून मिळतो. परवानाधारक एजंटांची यादी ई-मायग्रेटवर आहे. आधी तिथे नाव, परवाना क्रमांक, पत्ता आणि मुदत पाहा. मग यादीतल्या पत्त्यावर स्वतः जा, एजंटाने फोनवर सांगितलेल्या पत्त्यावर नाही. देवगिरीने किंवा नंदीग्रामने रात्री निघालं की सकाळी मुंबई. एक दिवस आणि एक तिकीट, पण लाख रुपये वाचतात.

तालुक्याच्या गावात जो 'आपला माणूस' असतो, चहाच्या टपरीवर बसून फाईली गोळा करणारा, त्याला कायद्यात जागाच नाही. परवानाधारक एजंटालाही असे सब-एजंट ठेवता येत नाहीत. तो पाहुण्यातला असला तरी त्याच्या हातात रोख द्यायची नाही.

एजंटाला घेता येणारं सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ३५,४०० रुपये. पैसे बँकेतून द्या, पावती घ्या. अमिरातीच्या कामगार कायद्यात भरतीचा आणि व्हिसाचा खर्च मालकानेच करायचा असं स्पष्ट आहे, त्यामुळे 'व्हिसाचे पैसे' म्हणून वेगळी रक्कम मागणं मुळातच चुकीचं आहे.

हे सांगताना मी जरा कडक होतो, कारण पुढचं गणित मी घराघरांत पाहिलं आहे. दीड लाख सावकाराकडून शेकडा तीनने काढले की महिन्याला साडेचार हजार नुसतं व्याज. त्यात पहिला पगार यायला दोन-तीन महिने लागतात, तोवर आईच्या गळ्यातल्या पोतीचे मणीही गहाण पडलेले असतात. कर्ज डोक्यावर असलेला माणूस तिकडे वाईट कंपनी सोडूही शकत नाही. तीस-पस्तीस हजारांच्या पुढे रक्कम गेली की उठून या.

सावधान : 'आधी व्हिजिट व्हिसावर या, तिथे वर्क व्हिसा करून देतो' याला कधीही हो म्हणू नका. व्हिजिट व्हिसावर काम करणं बेकायदा आहे. पगार अडकला तर तक्रार करायलाही तोंड उरत नाही.

कॅनडा किंवा युरोपात 'अलार्मवाला हवा' अशा जाहिरातीही फिरतात. ब्रिटनने २२ जुलै २०२५ पासून स्किल्ड वर्कर व्हिसाची पातळी बहुतेक कामांसाठी पदवीइतकी वाढवली आहे. तेव्हा आयटीआयवर लंडनला पाठवतो म्हणणाऱ्याशी बोलण्यात वेळ घालवू नका.

टप्पा ६ : ट्रेड टेस्ट

परीक्षा बहुतेक मुंबईत होते. टेबलावर एक पॅनेल, दोन-तीन डिटेक्टर, वायर आणि मीटर. माझ्या वेळी वाटीत विसेक रेझिस्टर टाकून दिले होते आणि म्हणाले, चार पूर्णांक सात किलोओहमचा काढ. त्याच्यावरचे रंगाचे पट्टे पिवळा, जांभळा, लाल. मीटर न लावता काढला तेव्हा समोरच्याने पहिल्यांदा मान वर केली.

तिथे हरणारे ज्ञानात कमी पडत नाहीत, घाईत हरतात. बॅटरी आधी जोडतात, मग वायरिंग करतात. तुम्ही उलट करा. आधी वायर, मग मीटरने शॉर्ट आणि कंटिन्युइटी, मग मेन सप्लाय आणि शेवटी बॅटरी. प्रत्येक पायरीला तोंडाने सांगा काय करताय. न आलेल्या प्रश्नाला 'हे मी केलेलं नाही' म्हणा. अलार्मच्या धंद्यात अंदाजे बोलणारा माणूस कुणालाच नको असतो.

सौदीला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, इलेक्ट्रिशियनसारख्या ठरावीक पदांसाठी तिथल्या सरकारची कौशल्य पडताळणी परीक्षा भारतातच द्यावी लागते. तुमचं पद त्या यादीत आहे का, हे अर्जाआधी विचारा.

टप्पा ७ : ऑफर लेटर, ओळ न ओळ

पास झालात की सगळे आनंदात सही करायला सांगतात. सही करू नका. कागद घरी आणा आणि एक दिवस वाचा.

पहिल्यांदा पद बघा. इंग्रजीत टेक्निशियन आणि अरबीत 'फन्नी' असलं पाहिजे. अरबी येत नाही म्हणून अडू नका. आपल्याकडे प्रत्येक तालुक्याला उर्दू शाळा आहे. तिथल्या गुरुजींना दाखवा, दोन्ही शब्द त्यांना लगेच वाचता येतात. 'आमिल' निघालं तर पगार कितीही लिहिलेला असो, तिथे गेल्यावर तुमच्या हातात शिडी आणि झाडूच येईल, आणि टेक्निशियनच्या परवान्याचा रस्ताही अवघड होईल.

मग मूळ पगार, म्हणजे बेसिक. आपली मुलं एकूण आकडा बघतात. ओव्हरटाईम आणि नोकरी सोडतानाची ग्रॅच्युइटी मात्र बेसिकवर निघते. अमिरातीत पहिली पाच वर्षं वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार ग्रॅच्युइटी मिळते. एकूण १,५०० दिरहॅमच्या दोन ऑफर घ्या. एकीत बेसिक १,०००, दुसरीत ६००. वर्षाची ग्रॅच्युइटी पहिलीत ७०० दिरहॅम, दुसरीत ४२०. ओव्हरटाईमला बेसिकवर किमान २५ टक्के जास्त मिळतात, तिथेही हाच फरक महिन्यामहिन्याला पडत राहतो.

यानंतर राहणं, जेवण, साईटवर नेण्याची गाडी, आरोग्य विमा आणि सुट्टीचं तिकीट यांपैकी काय कंपनीचं आणि काय तुमचं, हे लिहिलेलं हवं. 'तोंडी ठरलंय' याला किंमत नाही. अमिरातीत कामाचे तास दिवसाला ८, आठवड्याला ४८, आणि प्रोबेशन सहा महिन्यांच्या वर नेता येत नाही. कतारमध्ये किमान मूळ पगार १,००० रियाल, आणि राहणं-जेवण कंपनी देत नसेल तर त्याचे अनुक्रमे ५०० आणि ३०० रियाल वेगळे. याच्या खाली असलेला करार हातात आला तर तो बेकायदा आहे.

तपासून पाहा : अमिरातीचं ऑफर लेटर तिथल्या कामगार मंत्रालयाच्या ठरलेल्या नमुन्यात असतं, त्यावर क्रमांक असतो आणि तो मंत्रालयाच्या संकेतस्थळावर टाकून बघता येतो. कंपनीच्या लेटरहेडवर टाईप केलेलं पत्र म्हणजे ते नव्हे. सौदीचा करार तिथल्या सरकारच्या 'किवा' (Qiwa) नावाच्या पोर्टलवर नोंदलेला असतो.

टप्पा ८ : मेडिकल आणि व्हिसा

मेडिकल ऑफरनंतरच. काही एजंट आधी मेडिकल करायला लावतात, त्याची मुदत संपते आणि पुन्हा पैसे भरावे लागतात. आखाती देशांचं मेडिकल वाफिद पोर्टलवर बुक होतं आणि मान्यताप्राप्त केंद्रातच करावं लागतं. त्यात छातीचा एक्स-रे, एचआयव्ही आणि कावीळ बी व सी तपासतात. लहानपणीच्या टीबीचा जुना डाग एक्स-रेत दिसला तरी अनफिट येऊ शकतं. म्हणून त्याआधी जिल्हा रुग्णालयात एक साधा एक्स-रे काढून बघा. डाग दिसलाच तर एजंटाला पैसे देण्याआधी कळलेलं बरं.

कतारचं काम वेगळं आहे. मेडिकल, बोटांचे ठसे आणि करारावर सही हे सगळं भारतातल्या कतार व्हिसा सेंटरमध्ये होतं. मुंबईत आहे, हैदराबादलाही आहे. नांदेड, उदगीरकडच्यांना हैदराबाद जवळ पडतं. तिथे स्क्रीनवर दिसणारा करार आणि तुमच्याजवळचं ऑफर लेटर शेजारी धरून जुळवा. आकडा वेगळा दिसला तर सही न करता बाहेर या.

व्हिसा हातात आला की पुन्हा पद बघा. ऑफरमध्ये 'फन्नी' आणि व्हिसात 'आमिल' असंही होतं. गंगाखेडच्या मुलाचं तेच झालं होतं.

निघण्यापूर्वी प्रवासी भारतीय विमा योजनेचा विमा काढा. दोन वर्षांसाठी २७५ रुपये अधिक कर, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आल्यास १० लाख रुपये. उंचीवर शिडी लावून करायचं काम आहे, हा विमा ईसीएनआरवाल्यानेही काढावा. सरकारचं एक दिवसाचं मोफत प्रस्थानपूर्व प्रशिक्षणही असतं, ते बुडवू नका.

टप्पा ९ : बॅग

स्वतःचा मल्टिमीटर, क्रिंपिंग टूल आणि टेस्टर मोठ्या बॅगेत घाला. हातातल्या बॅगेत टाकलं तर विमानतळावर काढून घेतात.

मसाल्याच्या डब्यावर एकदा स्वतः नजर टाका. खसखस नको. लाडवात नको, काळ्या मसाल्यात नको. आखातात ती अंमली पदार्थात धरतात आणि मूठभर खसखशीसाठी माणसं अडकली आहेत. गुटखा नको. कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेलं औषध परवानगीशिवाय नेऊ नका, बाकी औषधांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा. आणि गावातल्या कुणी तिकडच्या भावासाठी दिलेलं बंद पार्सल घेऊ नका. राग येऊ द्या त्यांना.

सगळ्या कागदांच्या दोन प्रती काढा. एक आईजवळ, एक मोबाईलमध्ये. करार, व्हिसा, एजंटाची पावती, पासपोर्ट.

टप्पा १० : पहिले तीन महिने

पासपोर्ट कंपनीने ठेवून घेणं बेकायदा आहे. 'सगळ्यांचे ऑफिसात असतात' असं सांगतील. निवास परवान्याचं काम झालं की मागून घ्या. पगार बँक खात्यात किंवा पगाराच्या कार्डावरच घ्या, म्हणजे नोंद राहते. ओव्हरटाईमचे तास रोज रात्री वहीत लिहा. तारीख, साईट, आत गेल्याची आणि बाहेर आल्याची वेळ. मला एकदा दोन महिन्यांचा ओव्हरटाईम मिळाला तो केवळ अशा वहीमुळे.

उन्हाची आपल्याला सवय आहे असं समजू नका. मराठवाड्यातल्या ४३ अंशांत घाम वाळतो, दुबई-दोह्याच्या दमट हवेत तो वाळत नाही आणि माणूस नकळत कोसळतो. उन्हात काम बंद ठेवण्याचे तास कायद्याने ठरलेले आहेत. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२:३० ते ३, कतारमध्ये १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी १० ते दुपारी ३:३०. त्या वेळात फोरमनने गच्चीवर कॅमेरा लावायला सांगितलं तर नाही म्हणण्याचा हक्क तुम्हाला आहे.

कामातली एक गोष्ट. चालू इमारतीत टेस्टिंग करताना पॅनेल 'डिसेबल' करावा लागतो. काम संपलं की तो परत 'एनेबल' करायचा राहून जातो आणि अख्ख्या इमारतीचे लोक त्या रात्री अलार्मशिवाय झोपतात. मी पॅनेलच्या दारात माझी दुचाकीची किल्ली अडकवून ठेवायचो. पुढे दुचाकी राहिली नाही, तेव्हा बसचं कार्ड. ते घेतल्याशिवाय घरी जाता येत नाही, आणि घ्यायला गेलं की पॅनेल समोर दिसतोच.

अडचण आलीच तर परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार टाका. भारतातून घरच्यांना १८०० ११ ३०९० या मोफत क्रमांकावर बोलता येतं. दुबईत असाल तर प्रवासी भारतीय सहाय्यता केंद्राचा क्रमांक ८०० ४६३४२ आहे, तोही मोफत. हे दोन्ही क्रमांक विमानात बसण्याआधी आईच्या मोबाईलमध्ये आणि घरातल्या कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा, मोबाईल बंद पडला तरी भिंतीवर राहतील.